एका पायाचा जोड

तायाप्पानं विचारलं, "नंबर किती?"
मी पिशवीतून लग्नपत्रिका काढली.
मागच्या कोऱ्या बाजूवर
पेन्सिलीनं आखलेला खूर,
लांबट, अरुंद.
तो चष्मा वर सरकवून बघत राहिला.
"बाईचा का गड्याचा?"
"खेचराचा. डावा, पुढचा."
दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं.
तायाप्पा हसला नाही.
त्यानं चामडं वाकवून बघितलं.

लक्षतीर्थात आमच्या दारी दोन घोड्या.
जिलेबी वरातीची, पांढरी, मानी.
मैना रंकाळ्यावर पोरं फिरवते
आणि चार फेऱ्या झाल्या की
घराकडं तोंड करून उभी राहते.
तिसरी ठकी.
अब्बांनी शिंगणापूरच्या वीटभट्टीवरून आणली
एका जुन्या सायकलीच्या बदल्यात.
सायकल चांगली होती, असं अम्मी अजून म्हणते.

घोड्यांना भिजवलेले हरभरे, भरडा.
ठकीला नुसतं वाळलं गवत.
"खेचराला उपासच मानवतो," अब्बा म्हणायचे.
मला ते बघवायचं नाही,
एका रांगेत तीन तोंडं
आणि एकाच्याच पुढ्यात काड्या.
अब्बा गेले त्या हिवाळ्यात
मी तिचंही घमेलं भरायला लागले.
गुऱ्हाळं सुरू होती, वाढ्याचा भारा फुकटात मिळायचा.
यार्डातला बाळकू येता-जाता गुळाचा खडा द्यायचा
आणि ती त्याच्या तळहातावर
जीभ फिरवत राहायची,
खडा संपल्यावरही बराच वेळ.

मग एका सकाळी ती उठेना.
उठली ती पुढचे पाय लांब टाकून,
सगळा भार मागं घेऊन,
निखाऱ्यावर उभं केल्यासारखी.
सरनोबत डॉक्टरीणबाईंनी खुरावर हात ठेवला,
माझाही ठेवायला लावला.
आत चूल पेटली होती.
"काय घालत होता?"
मी सांगत गेले. हरभरे. वाढं. गूळ.
प्रत्येक शब्दाला त्या नुसती मान हलवत होत्या.

बाळकूला काय सांगू?
या गावात पाहुण्याला गुळाशिवाय पाणी देत नाहीत.

तीन महिने.
पहाटे नळीचं गार पाणी पायांवर,
माझी बोटं बधिर होईपर्यंत.
खाली वखारीतल्या भुशाची गादी.
गवत भिजवून, पिळून, तोलून.
इलाही म्हणाला, "वीक."
मग स्वतःच म्हणाला, "घेणार कोण?"
मग एका रात्री कंदील घेऊन
भुसा सारखा करताना दिसला.

आणि जिलेबी, जिला शेजारी कुणी चालत नाही,
जी मैनेला चावते,
गव्हाणीवरून मान टाकून
ठकीच्या कानामागं दातांनी हलकं खाजवायची.
वरातीला निघताना फाटकात अडायची.
तिकडं बँड थांबलेला, नवरदेव फेट्यात घामेजलेला,
आणि इकडं जरीच्या झुलीतली घोडी
मागं वळून
एका लंगड्या खेचराला हाका मारतेय.

बूट झाला. म्हशीचं चामडं, दुहेरी तळ,
बाजूला वाद्या, तेल पाजलेला.
अंगठा नाही, बाकी सगळं चपलेचं.
तायाप्पानं हौसेनं वर वेणीसुद्धा घातली होती.
"जोडाशिवाय विकत नाही मी," म्हणाला,
आणि पैसे निम्मेच घेतले.

घातला. ठकीनं पाय उचलला,
वास घेतला, टेकवला.
कर्रर्र.
ती दचकली, मीही.
न विचारता त्यानं तळात विंचू घातला होता!
आता ती अंगणभर फिरते,
तीन पाय गुपचूप,
चौथा एखाद्या पैलवानासारखा वाजत.
जिलेबीचे कान त्या आवाजामागं फिरतात.

काल बाळकू आला, हात पाठीमागं धरून.
"काय आणलंस?"
त्यानं मूठ उघडून दाखवली. रिकामी.
ठकी चाटत राहिली.
हाताला यार्डाचा वास होता,
तेवढा मी चालवून घेतला.